अडचणीतून मोकळ्यात: हिब्रू स्तोत्रांतला विजय कसा वाचावा

बायबलमधली स्तोत्रसंहिता हौसेनं उघडणारा नवा वाचक बहुधा तिसऱ्याच स्तोत्रात ठेचकाळतो. दावीद राजा रात्री निजतो, सकाळी सुखरूप उठतो आणि देवाला म्हणतो की माझ्या सगळ्या वैऱ्यांच्या थोबाडीत तू ठेवून दिलीस, दुष्टांचे दात पाडलेस. अठराव्या स्तोत्रात देवाच्या नाकपुड्यांतून धूर निघतो. एकशे चौदाव्यात समुद्र पाठ दाखवून पळतो आणि डोंगर एडक्यांसारखे उड्या मारतात. इथवर आलेला वाचक दोनपैकी एक करतो. "फार मारामारी आहे बुवा" म्हणून पुस्तक मिटतो, नाहीतर दात, धूर, डोंगर सगळ्यांवर "हे आध्यात्मिक अर्थानं घ्यायचं" असा एकच रंग फासून पुढे जातो. दोन्हीकडून कविता हातची जाते.

या कवितांत विजय आणि सुटका या दोन्हींसाठी बहुतेक वेळा एकच शब्द येतो, आणि तो कोंडीत सापडलेल्या माणसाच्या तोंडचा शब्द आहे. एवढं धरून वाचायला बसलं की पुष्कळ गाठी आपोआप सैल होतात. त्या कशा सोडवायच्या ते पुढे सांगतो. हिब्रू यायलाच हवी असं नाही. मलाही ती चाळिशी उलटल्यावर, अडखळत अडखळत आली.

आधी थोडी तयारी

एक वही, दोन वेगवेगळी मराठी भाषांतरं, आणि नेटवर मिळणारा, शब्दाखाली शब्द दिलेला हिब्रू पाठ. एवढं पुरतं. जुन्या मराठीची सवय असेल तर पंडिता रमाबाईंनी मूळ भाषा शिकून केलेलं भाषांतरही मिळवून बघा. त्यांचं निधन १९२२ साली झालं आणि केडगावच्या मुक्ती मिशनमधून ते संपूर्ण १९२४ साली बाहेर पडलं. दोन भाषांतरं अशासाठी, की जिथे ती एकमेकांशी भांडतात तिथेच बहुतेक वेळा मूळ कवितेत काहीतरी घडत असतं.

आकड्यांचा एक घोळ आधीच सांगून ठेवतो. हिब्रू पुस्तकात स्तोत्राचं मथळ्याचं वाक्य पुष्कळदा पहिलं वचन म्हणून मोजतात. त्यामुळे अठराव्या स्तोत्रात मराठीत ५० वचनं आहेत आणि हिब्रूत ५१. मी सुरुवातीला एक अख्खी संध्याकाळ चुकीच्या वचनाशी झटापट करत घालवली होती, शब्द जुळेचनात! जुन्या कॅथलिक पुस्तकांत तर बहुतेक स्तोत्रांचा क्रमांकच एकानं मागे असतो. या लेखातले आकडे मराठी पवित्र शास्त्राप्रमाणे आहेत.

पहिली पायरी: छोट्या कवितेपासून सुरू करा

अठरावं किंवा अडुसष्टावं स्तोत्र आधी घेऊ नका, दमछाक होईल. एकशे चोविसावं घ्या. आठच वचनं आहेत. वहीवर प्रत्येक वचन दोन तुकड्यांत तोडून लिहा, एक डावीकडे, एक उजवीकडे. हिब्रू कविता यमकावर चालत नाही. ती जोडओळींवर चालते. रॉबर्ट लौथ या इंग्रज पंडितानं १७५३ साली या जोडओळींना नाव दिलं आणि तेव्हापासून त्यावर शेकडो पानं लिहिली गेली. आपल्यापुरतं इतकंच बघायचं की दुसरी ओळ पहिलीचा नुसता पुनरुच्चार करते, की तिच्यापुढे एक पाऊल टाकते. बहुतेक वेळा पाऊल टाकते, आणि ते पाऊल हेरलंत की निम्मं वाचन झालं.

१२४ मधली चित्रं अशी येतात. परमेश्वर आमच्या बाजूला नसता तर त्यांनी आम्हाला जिवंत गिळलं असतं. मग पूर. मग दात. आणि शेवटी पारध्याचा फासा. म्हणजे गिळणारं तोंड, लोंढा, हिंस्र जनावर आणि सापळा, अशी चार संकटं आठ वचनांत. खरी घटना कोणती, लढाई की वेढा की दुष्काळ, याचा कुठे पत्ता नाही. नवा वाचक इथे इतिहास शोधायला धावतो. थांबा. प्रत्येक चित्रासमोर वहीत चार प्रश्न लिहा: कोण अडकलंय? कशात? कोण धावून आलं? आणि सुटल्यावर तो कुठे उभा आहे?

पुरापाशी उत्तर मिळतं ते गंमतीचं आहे. मराठीत आपण वाचतो, "प्रवाह आमच्या जिवावरून गेला असता." मूळ शब्द 'नेफेश'. त्याचा अर्थ जीव असा होतो, पण घसा, गळा असाही होतो. एकोणसत्तराव्या स्तोत्राच्या सुरुवातीला पाणी नेफेशपर्यंत चढतं, तिथे ते सरळसरळ गळ्यापर्यंत आलेलं आहे. आपण "प्रकरण गळ्याशी आलं" म्हणतो तेव्हा जी घुसमट असते, ती या ओळीत आहे. "जीव" हा शब्द चूक नाही, पण त्यानं पाण्याची पातळी कळत नाही.

आणि सातवं वचन. "पारध्यांच्या फाशातून सुटलेल्या पाखरासारखे आम्ही सुटलो, फासा तुटला आणि आम्ही सुटलो." मूळात 'हप्पाख निश्बार', फासा तुटला. कोणी तोडला ते सांगितलेलं नाही. क्रियापद जणू हात झटकून बाजूला उभं राहतं. पारध्याचं काय झालं? एक अक्षर नाही. शत्रूचं प्रेत नाही, लूट नाही, मिरवणूक नाही. तरी ही विजयाचीच कविता आहे. नवशिक्यानं हिच्यापासून सुरुवात करावी असा माझा आग्रह याच कारणासाठी. विजय म्हणजे इथे आधी मोकळं आकाश.

दुसरी पायरी: 'येशुआ' या शब्दामागे लागा

मराठी भाषांतरात कुठे "तारण" दिसतं, कुठे "विजय", कुठे "साहाय्य". मूळ हिब्रू पाठ उघडून बघितलात तर त्या तिन्हींखाली पुष्कळदा एकच शब्द सापडतो: येशुआ, किंवा त्याच धातूतला तेशुआ. येशू, यहोशवा, यशया, होशेय ही सगळी नावं त्याच घरातली.

या शब्दाचं खरं वजन देवळात कळत नाही, ते शेतात आणि राजाच्या दारात कळतं. बायबलच्याच अनुवाद या पुस्तकात एक कायदा आहे. रानात मुलीवर जबरदस्ती झाली, ती ओरडली, पण 'मोशिया' कोणी नव्हता, म्हणजे ओरड ऐकून धावून येणारा कोणी नव्हता. म्हणून तिच्याकडे दोष नाही. दुसरे शमुवेल या पुस्तकात तकोवा गावची बाई राजासमोर पडून म्हणते, 'होशिया हम्मेलेख', महाराज, धावा! मराठीत "देवाचा धावा करणे" म्हणतात ना, तो धावा आणि हा होशिया अगदी सख्खे वाटतात. हाक, आणि हाकेला आलेलं माणूस.

एकशे अठराव्या स्तोत्रात (वचन २५) हीच हाक 'होशिया ना' अशी येते, "सोडव ना रे!" तिचंच पुढे होसान्ना झालं. झावळ्यांच्या रविवारी आपल्याकडच्या चर्चमध्ये होसान्ना म्हणतात ते जयजयकार म्हणून. मूळ शब्द काकुळतीचा. काकुळतीची हाक जयघोष कशी होते, हे त्या एका शब्दाच्या प्रवासात दिसतं.

मराठी "तारण" शब्दाबद्दल थोडं आडवळण. आपल्या तारणात पाणी आहे. तरणे, तारणे, पैलतीर, होडी. शिवाय बँकेत घर तारण ठेवतात ते वेगळंच. हिब्रू येशुआमध्ये होडी नाही. त्यामुळे "परमेश्वर माझे तारण झाला" हे वाचताना मनात आपोआप भवसागर उभा राहिला तर तो आपला आहे, कवीचा नाही, एवढं भान ठेवा. (निर्गम या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात मात्र योगायोगानं खरोखरच समुद्र आहे आणि लोक पलीकडे जातात. तिथे मराठी शब्द मूळापेक्षा जास्त शोभतो!)

आता हाताचं काम. शास्ते या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात लढाईला निघालेल्या गिदोनाकडे ३२,००० माणसं आहेत. देव ती १०,००० वर आणि मग ३०० वर आणतो. कारण असं देतो की इस्राएल म्हणेल, "माझ्याच हातानं माझी येशुआ केली." स्वतःच्या हातानं स्वतःची सुटका करणं हा वाक्प्रचार आहे, अर्थ: स्वबळावर जिंकणं. हे कळलं की अठ्ठ्याण्णवाव्या स्तोत्राचं पहिलं वचन उलगडतं. "त्याच्या उजव्या हातानं त्याच्यासाठी येशुआ केली" याचा अर्थ देवाला कुणी वाचवलं असा नाही. त्याला कुणाची कुमक लागली नाही, असा आहे. इथे "विजय" म्हणणारा भाषांतरकार बरोबर, आणि १२४ सारख्या कवितेत "सुटका" म्हणणारा बरोबर. दोघांनाही अर्धाच शब्द पकडता येतो.

तिसरी पायरी: जागा मोजा

मला स्वतःला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली पायरी ही. हिब्रू कवी संकट रुंदीत मोजतो.

मराठीत "अडचण" म्हणजे त्रास, आणि "या खोलीत फार अडचण झालीय" म्हणजे जागा नाही. "संकट" या शब्दाचा संस्कृतातला एक जुना अर्थही अरुंद, चिंचोळं असाच. काम आटोपलं की आपण "मोकळे" होतो. हिब्रूत नेमकं हेच आहे. 'त्सार' म्हणजे अरुंद, आणि म्हणून त्रास. 'मेरहाव' म्हणजे मोकळं मैदान. एकशे अठराव्या स्तोत्राचं पाचवं वचन असं आहे:

मिन हम्मेत्सार कराथी याह,
अनानी वम्मेरहाव याह.

याह हे देवाचं नाव. "अडचणीतून मी याहला हाक मारली, याहनं मला मोकळ्यात उत्तर दिलं." एका ओळीत भिंती, दुसरीत माळरान. मराठीत हे वचन इतकं सरळ उतरतं की भाषांतर केल्यासारखं वाटतच नाही.

यात आणखी एक मेख आहे. हिब्रूत 'त्सार' म्हणजे शत्रूसुद्धा. कोशकार हे दोन वेगळे शब्द मानतात, पण कवीच्या कानाला ते एकच ऐकू येतात, आणि तो त्याचा फायदा उठवतो. त्याच्या लेखी शत्रू म्हणजे भिंतीसारखा जवळ सरकत येणारा माणूस.

आता अठरावं स्तोत्र काढा आणि फक्त रुंदीच्या जागा अधोरेखित करा. सुरुवातीला मृत्यूचे पाश वेढतात. सहाव्या वचनात 'त्सार'मध्ये हाक. एकोणिसाव्यात "त्यानं मला मोकळ्या जागी आणलं." छत्तिसाव्यात "माझ्या पावलांखाली तू जागा रुंद केलीस." लढाई, धनुष्य, पाठलाग हे सगळं या रुंदीच्या वाटेवर येतं. पाय ठेवायला जागा मिळाली, म्हणून पुढे पळता आलं. पन्नास वचनांची कविता एका धाग्यावर ओवलेली दिसते.

याच स्तोत्राची दुसरी प्रत दुसऱ्या शमुवेलाच्या बाविसाव्या अध्यायात आहे. दोन्ही शेजारी ठेवून वाचण्यासारखी मजा नाही. दहाव्या वचनात स्तोत्र म्हणतं देव वाऱ्याच्या पंखांवर 'झेपावला', शमुवेलातला पाठ म्हणतो 'दिसला'. फरक एका अक्षराचा, आणि हिब्रूतली ती दोन अक्षरं, दालेत आणि रेश, दिसायला जुळी भावंडं. कुठल्यातरी लेखनिकाची नजर चुकली. कुणाची, ते तुम्हीच ठरवा. मी झेपावण्याच्या बाजूनं.

आणि सोळावं वचन सोडू नका: "उंचावरून हात लांबवून त्यानं मला धरलं, महाजलांतून ओढून काढलं." ओढून काढण्याचं हे क्रियापद हिब्रू शास्त्रात या स्तोत्राच्या दोन प्रतींशिवाय फक्त एकदाच येतं, फारोच्या, म्हणजे मिसरच्या (इजिप्तच्या) राजाच्या, मुलीनं बाळाला नदीतून काढून त्याचं नाव मोशे ठेवलं तिथे. राजाच्या तोंडच्या विजयगीतात अशी टोपलीतल्या बाळाची सावली पडते.

चौथी पायरी: हात, शिंग, दात

विजयाची बरीच चित्रं शरीराची आहेत, आणि मराठी वाचकाला ती सोपी जावीत, कारण आपलेही वाक्प्रचार शरीरावरच उभे आहेत. यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकात (५२:१०) देव सगळ्या राष्ट्रांदेखत आपला पवित्र बाहू उघडा करतो. म्हणजे बाह्या सरसावतो. उलट चौऱ्याहत्तराव्या स्तोत्रात कवी देवालाच विचारतो, उजवा हात छातीशी का धरून ठेवला आहेस, काढ की बाहेर! हाताची घडी घालून बघत बसलेल्या माणसाला आपण जसं सुनावतो, तसंच हे. ही दोन वचनं लागोपाठ वाचली की "परमेश्वराचा उजवा हात" हा घासून गुळगुळीत झालेला शब्दप्रयोग पुन्हा जिवंत होतो.

बाहूचं चित्र एकट्या इस्राएलचं नव्हे. इसवी सनापूर्वीच्या चौदाव्या शतकात यरुशलेमचा अब्दी-हेबा नावाचा मांडलिक मिसरच्या राजाला मातीच्या पाटीवर लिहितो की मला ही गादी बापानं दिली नाही की आईनं दिली नाही, राजाच्या बलवान बाहूनं दिली. बाहूसाठी त्यानं वापरलेला स्थानिक शब्द आणि हिब्रू 'झेरोआ' एकाच मुळाचे. निर्गमाच्या गोष्टीत "पसरलेल्या बाहूनं" लोक मिसरातून सुटतात, तेव्हा फारोचंच बिरुद काढून दुसऱ्याच्या खांद्यावर चढवलेलं असतं. पादासनाचंही तेच. एकशे दहाव्या स्तोत्रात शत्रू पायाखालचं पादासन होतात, आणि तुतनखामनच्या थडग्यात सापडलेल्या पादासनांवर खरोखरच बांधलेल्या शत्रूंची चित्रं आहेत.

शिंग म्हणजे बैलाची ताकद. "माझं शिंग उंच झालं" याचा अर्थ मान ताठ झाली. आणि तिसऱ्या स्तोत्रातले ते पाडलेले दात? स्तोत्रांत शत्रू वारंवार सिंह, कुत्रे, रानबैल होऊन येतो. जनावराचं हत्यार म्हणजे दात. दात पाडले, म्हणजे त्याला निःशस्त्र केलं. मारहाणीच्या वर्णनापेक्षा ही सुटकेची गोष्ट जास्त आहे, कारण दात कवीच्या अंगात रुतायच्या आधी पडले.

पाचवी पायरी: पाण्याचा शेजार ओळखा

सीरियाच्या किनाऱ्यावर रास शम्राजवळ १९२८ साली एका शेतकऱ्याच्या नांगराला जुनं थडगं लागलं. पुढच्या वर्षी उत्खनन सुरू झालं आणि उगारित नगराच्या मातीच्या पाट्या बाहेर आल्या. त्यांत बआल हा वादळाचा देव 'याम'शी लढतो. याम म्हणजे समुद्र, हिब्रूतही समुद्राला यामच म्हणतात. बआलचं बिरुद "मेघांवर स्वार होणारा". शिवाय तिथे लोतान नावाचा पळता, वेटोळ्या घेणारा सर्प आहे. यशया २७:१ मधला लिव्याथान जवळजवळ त्याच शब्दांत येतो.

म्हणून चौऱ्याहत्तराव्या स्तोत्रात देव लिव्याथानाची डोकी ठेचतो तेव्हा प्राणिशास्त्र शोधू नका, आणि "उसनी दंतकथा" म्हणून सोडूनही देऊ नका. प्रश्न असा विचारा: या कवितेत पाणी वैरी आहे की हत्यार? चौऱ्याहत्तराव्यात वैरी आहे. एकशे चौदाव्यात लढाईच होत नाही, समुद्र नुसता बघतो आणि पळतो. आणि निर्गम १५ मध्ये समुद्र साधं हत्यार आहे. वैरी फारो, हाडामांसाचा माणूस. शेजाऱ्यांच्या कथेतला देव समुद्राशी झगडतो, इथला देव समुद्र वापरतो.

सहावी पायरी: निर्गम १५ कानानं वाचा

आता मोठी कविता. समुद्राचं हे गीत यहुदी परंपरेत रोज सकाळच्या प्रार्थनेत म्हणतात, आणि तोराच्या (मोशेच्या पाच पुस्तकांच्या) गुंडाळीत ते विटांच्या भिंतीसारखं, अक्षरांवर मोकळी जागा आणि जागेवर अक्षरं, असं लिहितात. अर्थ समजला नाही तरी नववं वचन मोठ्यानं म्हणून बघा:

अमार ओयेव, एरदोफ, अस्सिग, अहल्लेक शालाल…

"वैरी म्हणाला, पाठलाग करीन, गाठीन, लूट वाटीन." पहिले पाचही शब्द आलेफ या एकाच अक्षरानं सुरू होतात. घोड्यांच्या टापांसारखं टपटप चालतं. पुढे तो अजून म्हणतो, माझा जीव त्यांच्यावर तृप्त होईल, तलवार उपशीन, माझा हात त्यांचा नायनाट करील. सहा फुशारक्या. दहाव्या वचनात उत्तर येतं: 'नाशफ्ता', तू फुंकर मारलीस. समुद्रानं त्यांना झाकलं, ते शिशासारखे बुडाले. सहा क्रियापदांना एक फुंकर. पूर्ण कवितेत लढाईचं वर्णन असं नाहीच. एक बडबड आहे आणि एक श्वास.

इथे चार प्रश्न पुन्हा लावा. इस्राएल या कवितेत काय करतो? काही नाही. तो पलीकडे जातो. तलवार फक्त वैऱ्याच्या तोंडात आहे. तेहतिसाव्या स्तोत्रात तर स्पष्टच म्हटलंय की तेशुआसाठी घोडा कुचकामी. शेजारी मिसर, अश्शूर (असीरिया) यांच्याकडे रथांचे ताफे आणि आपण डोंगरातलं लहानसं राज्य, अशा जागेवरून हे बोलणं आलेलं आहे. विजयाची भाषा मोठ्यांची, बोलणारा लहान. हा विसंवाद कानाला जाणवू द्या.

या कवितेचा सण म्हणजे पेसाह, मिसरातून झालेल्या सुटकेचा यहुदी सण. त्या रात्रीच्या सेदेरमध्ये, म्हणजे विधीच्या जेवणात, ११३ ते ११८ ही स्तोत्रं म्हणतात, म्हणजे वर आलेली ११४ आणि ११८ दोन्ही त्यात आली. कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजासाठी या विधीची पोथी, हागादा, मराठी अर्थासह पुण्यात १८७४ साली छापली गेली. हे शब्द मराठी कानांवर बाहेरून आलेले असले तरी कालपरवाचे नाहीत.

सातवी पायरी: फुगवटा आणि बोचणाऱ्या ओळी

विजयगीतं फुगवून बोलतात. उत्खननकार फ्लिंडर्स पेट्री यांना १८९६ साली मिसरमध्ये मेर्नेप्ताह राजाचा शिलालेख मिळाला, साधारण इसवी सनापूर्वी १२०८ चा. पवित्र शास्त्राबाहेर इस्राएल हे नाव सापडतं त्यात हा सगळ्यात जुना उल्लेख मानतात. मजकूर काय? इस्राएल उजाड झाला, त्याचं बीज उरलं नाही. नाव पहिल्यांदा येतं तेच संपल्याची बातमी म्हणून! ही त्या काळची दरबारी तऱ्हा होती, आणि हिब्रू कवीही त्याच हवेत वाढलेले. "सगळे", "कायमचे", "एकही नाही" हे शब्द दिसले की पेन्सिलीनं गोल करा आणि पुढच्या अध्यायात ते "सगळे" पुन्हा जिवंत दिसतात का ते बघा.

इस्राएलच्या शेजारच्या मवाबाचा राजा मेशा याचा शिलालेख (साधारण इसवी सनापूर्वी ८४०, सापडला १८६८ मध्ये धिबान इथे, आता लूव्र संग्रहालयात) याहून जवळचा. तो आपल्या कमोश देवाचे आभार मानतो की त्यानं मला सगळ्या राजांपासून सोडवलं, आणि "माझ्या सगळ्या वैऱ्यांवर मला बघायला लावलं." सोडवलं हे क्रियापद येशुआचंच, मेशा हे नावही त्याच धातूचं. आणि वैऱ्यांवर "बघणं" हा जसाच्या तसा प्रयोग ११८:७ मध्ये आहे. भाषांतरकार तिथे "पराभव पाहीन", "जय मिळालेला पाहीन" अशी भर घालतात. मूळात नुसतं बघणं आहे. आधी मान खाली होती, आता वर करून समोर बघता येतं. मला तो उघडा प्रयोग जास्त आवडतो.

फुगवटा काढून टाकला तरी काही ओळी बोचतातच. स्तोत्र ५८:१० मध्ये नीतिमान दुष्टांच्या रक्तात पाय धुतो. १३७ च्या शेवटी बाबेलची (बॅबिलोनची) बाळं खडकावर आपटण्याची भाषा आहे. या ओळी गोड करून घेऊ नका. वहीत फक्त लिहा: बोलणारा कुठे आहे, त्याच्या हातात काय आहे? १३७ मध्ये तो बाबेलच्या नद्यांकाठी कैदी आहे, त्याचं शहर जळलंय, वीणा झाडाला टांगलेली आहे. ती ओळ विजयाची नाही, हरलेल्याची आहे. तिचा राग येऊ द्या, पण ती विजयगीताच्या खात्यावर मांडू नका.

शास्ते ५, दबोरेचं गीत, याबाबतीत चांगली शाळा आहे. आधी चौथा अध्याय, गद्य, मग पाचवा, पद्य. गद्यात याएल नावाची बाई झोपलेल्या शत्रूसेनापती सीसराच्या कानशिलात मेख ठोकते आणि विषय संपतो. पद्यात तो पडतच राहतो: तिच्या पायांशी तो वाकला, पडला, निजला, तिच्या पायांशी वाकला, पडला, वाकला तिथेच पडला, ठार. आणि मग कवयित्री अचानक सीसराच्या आईच्या खिडकीत जाऊन उभी राहते. रथाला उशीर का होतोय, चाकांचा आवाज का येत नाही? शहाण्या बायका समजूत घालतात, लूट वाटत असतील, माणशी एक पोरगी, दोन पोरी. ही करुणा आहे की खुन्नस? मी अनेकदा वाचलंय आणि दर वेळी मत बदललंय. पण विजयाच्या ऐन भरात शत्रूच्या आईची खिडकी दिसते, हे खरं. पुढच्या काळात तल्मूदमध्ये, म्हणजे यहुदी पंडितांच्या चर्चांच्या संग्रहात, गोष्ट आली की मिसरी बुडत असताना देवदूत गाऊ लागले तेव्हा देव म्हणाला, माझ्या हातची माणसं समुद्रात बुडताहेत आणि तुम्ही गाणी म्हणता?

आठवी पायरी: वळण कुठे आहे?

ही छोटी, पण चुकवू नका. बऱ्याच स्तोत्रांत रडगाणं मध्येच कुठेतरी स्तुती होतं, आणि मध्ये काय घडलं ते कवी सांगत नाही. पुजाऱ्यानं कौल दिला असेल, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. तुम्ही फक्त वळणाच्या जागी आडवी रेघ मारा. बाविसाव्या स्तोत्रात ती रेघ एकविसाव्या वचनाच्या आतच पडते: "सिंहाच्या तोंडातून मला सोडव, रानबैलांच्या शिंगांवरून…" आणि हिब्रू पाठात पुढचा शब्द 'अनीथानी', तू मला उत्तर दिलंस. माणूस अजून शिंगांवर आहे. उत्तर तिथेच पोचलं.

सरावासाठी क्रम सुचवतो: १२४, मग ३, ११४, ११८, निर्गम १५, शास्ते ५, आणि मग अठरावं. चव्वेचाळिसावं मध्ये कुठेतरी घ्या, त्यात पूर्वजांचे विजय आठवून झाल्यावर कवी देवाला "झोपलास का?" असं तोंडावर विचारतो.

हबक्कूक या संदेष्ट्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय सगळ्यात शेवटी. त्यात देव 'येशुआच्या रथांवर' बसून येतो, नद्या फाटतात, सूर्यचंद्र जागच्या जागी थांबतात. आणि त्यानंतर अंजिराला फूल नाही, वेलीला द्राक्ष नाही, शेतात दाणा नाही, गोठ्यात गुरं नाहीत. तिथे कवी म्हणतो की देव माझे पाय हरणीसारखे करतो, मला उंच जागांवरून चालवतो. जवळजवळ हीच ओळ अठराव्या स्तोत्रात (वचन ३३) जिंकलेल्या राजाच्या तोंडी आहे, तिथे देव त्याला उंच जागांवर उभं करतो. दोन्ही ओळी वहीत शेजारी शेजारी उतरवा, चार प्रश्न दोन्हींना लावा, आणि 'कुठे उभा आहे' याच्यासमोर दोन्ही रकाने भरा.